खोटा घोडा, खरे अश्रू

‘शोले’मध्ये जय गेला तेव्हा तुमच्या घरात कोण रडलं होतं? आजी? बाबा? की सगळेच, पण एकमेकांची नजर चुकवून?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेला हा चित्रपट म्हणजे आपल्याकडचा अस्सल ‘वेस्टर्न’. उजाड माळ, घोड्यांच्या टापा, गावाला छळणारी टोळी आणि भाड्याने आणलेले दोन भुरटे, जे शेवटी माणूस म्हणून मोठे होतात. चित्रपटातलं रामगढ उभारलं होतं ते आपल्या कर्नाटकातच, रामनगरच्या खडकांमध्ये. सरगूरहून म्हैसूरमार्गे बेंगळुरूला जाताना ते खडक लागतात आणि बसमधलं कुणी ना कुणी ‘तो बघ, गब्बरचा डोंगर’ असं म्हणतंच.

आता हाच प्रश्न घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. जय कोण ते त्याला कदाचित माहीत असेल. पण ‘आर्थर मॉर्गन’ हे नाव घेतलंत, तर तो क्षणभर गप्प होईल. आर्थर कुठल्या चित्रपटात नाही. तो एका व्हिडिओ गेममध्ये आहे, आणि त्याच्या मरणाने जगभरातली धडधाकट मुलं रात्री दोन वाजता डोळे पुसत बसली आहेत.

‘गेमसाठी रडतोस?’ असं म्हणण्याआधी त्या गेममध्ये असं काय घडतं, ते एकदा पाहू या. (पुढे कथांचे शेवट सांगितले आहेत. स्वतः खेळायचं असेल त्यांनी हा लेख नंतर वाचावा.)

मिशन म्हणजे काय?

गेम न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मोठ्या गेमची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकते. त्या प्रत्येक तुकड्याला ‘मिशन’ म्हणतात. कादंबरीत प्रकरण असतं तसंच हे. फरक इतकाच की प्रकरण आपण वाचतो आणि मिशन आपल्याला पार पाडावं लागतं. घोडा आपण हाकायचा, दार आपण उघडायचं, बंदूक रोखायची की खाली करायची हेही आपणच ठरवायचं.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले दोन गेम ‘रॉकस्टार गेम्स’ या कंपनीचे आहेत. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ २०१० मध्ये आला आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ २०१८ मध्ये. दुसऱ्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तो घडवण्यात या कंपनीच्या बेंगळुरूच्या स्टुडिओचाही वाटा होता. म्हणजे शोलेनंतर पुन्हा एकदा वेस्टर्नच्या कामाला कर्नाटकाचे हात लागले!

गंमत म्हणजे नंतर आलेल्या गेमची गोष्ट आधी घडते. दुसरा गेम १८९९ सालचा, तर पहिला १९११ सालचा. दोन्ही गेमना जोडणारा एक मुलगा आहे, जॅक. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

गळ टाकून बसलेला मुलगा

१८९९. जॅक चार वर्षांचा आहे. त्याचे आईवडील डच व्हॅन डर लिंड नावाच्या म्होरक्याच्या टोळीत आहेत. बापाचं पोराकडे लक्ष नाही, म्हणून त्याची आई टोळीतल्या आर्थर मॉर्गनला सांगते, याला जरा मासे पकडायला घेऊन जा.

‘अ फिशर ऑफ मेन’ नावाच्या या मिशनमध्ये करायचं फारसं काहीच नाही. नदीकाठी जायचं, गळ कसा टाकायचा ते पोराला दाखवायचं. पण पोराला माशांमध्ये रस नाही. तो फुलं गोळा करून आईसाठी माळ करतो. खेळणारा निवांत होतो, आणि तेवढ्यात दोन गुप्तहेर येऊन उभे राहतात. त्यांतला एक आहे एडगर रॉस. ते दमदाटी करतात आणि निघून जातात.

गोळी सुटत नाही, कुणी मरत नाही. तरी हे मिशन खेळलेल्यांच्या मनात रुतून बसतं. ज्यांनी पहिला गेम आधी खेळला आहे, त्यांना ठाऊक असतं की हा रॉस या मुलाचं पुढे काय करणार आहे. मुलाला मात्र अजून फुलांशिवाय काही दिसत नाही.

वसुलीला गेला आणि खोकला घेऊन आला

याच गेममधलं दुसरं मिशन सावकारीचं. टोळीतला एक जण गरिबांना कर्ज देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. टॉमस डाउन्स नावाचा एक आजारी शेतकरी पैसे देऊ शकत नाही. आर्थर त्याला बायकामुलासमोर मारतो. मार खाताना तो खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात.

खेळताना हे काहीच वाटत नाही. अशी दहा कामं आपण केलेली असतात. कित्येक तासांनंतर आर्थर स्वतः खोकू लागतो. एके दिवशी रस्त्यात कोसळतो. डॉक्टर सांगतात, क्षय. आणि तेव्हा खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तो ठोसा आर्थरने मारला असला तरी बटण आपण दाबलेलं असतं.

पुढे आर्थरला डाउन्सची विधवा आणि तिचा मुलगा पुन्हा भेटतात. घरदार गेलेलं, मुलगा खाणीत राबतोय, आईवर नको ती वेळ आलेली. आर्थर त्यांना पैसे देतो आणि गाव सोडून नवं आयुष्य सुरू करायला सांगतो. ती त्याला माफ करत नाही. माफी मागायला आलोच नाही, असाच त्याचा सूर असतो. सावकारी करणाऱ्या साथीदाराला तो टोळीतून हाकलून देतो. जे करता येईल तेवढं करून मोकळा होतो. यापेक्षा खरं प्रायश्चित्त फार थोड्या गोष्टींमध्ये सापडेल.

आपल्या भागातल्या वाचकांना हा खोकला परका नाही. म्हैसूरच्या राजघराण्यातल्या राजकन्या कृष्णाजम्मणी क्षयानेच गेल्या आणि त्यांच्या नावाचं क्षयरोग रुग्णालय म्हैसुरात उभं राहिलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडावं लागलं. म्हणजे १८९९ च्या आर्थरकडे वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. आपल्याकडे आहे. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आजही भारतात आहेत, पण सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात आणि साधारण सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. आर्थरसाठी ज्याने डोळे पुसले, त्याला हे सांगितलं तर तो नक्की ऐकेल.

‘मला भीती वाटते’

आजार कळल्यानंतरच्या एका मिशनमध्ये आर्थर रेल्वे स्टेशनवर एका म्हाताऱ्या जोगिणीशेजारी बसतो. (तिच्याशी आधी ओळख झालेली असेल तरच ती इथे भेटते. नाहीतर दुसरं पात्र येतं.) आयुष्यभर कुणालाही न घाबरलेला हा आडदांड माणूस तिला हळूच सांगतो की आपल्याला भीती वाटते. ती त्याला उपदेश करत नाही. प्रेमावर विश्वास ठेव, कुणासाठी तरी काही कर, इतकंच सुचवते.

हे दोन मिनिटांचं बोलणं अनेकांना सगळ्या गेममधला सर्वोच्च क्षण वाटतो. आपल्या घरांमध्ये पुरुषांच्या तोंडून हे वाक्य किती वेळा ऐकू येतं? आर्थरला आवाज देणाऱ्या रॉजर क्लार्क यांना २०१८ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तो अशाच प्रसंगांमुळे सार्थ वाटतो.

लाकडी पायाचा म्हातारा आणि उपाशी विधवा

काही मिशन मुख्य गोष्टीच्या बाहेरची असतात. केली नाहीत तरी चालतात. पण लोकांना आठवतात तीच.

डोंगरातल्या तळ्याकाठी हेमिश नावाचा एक म्हातारा सैनिक एकटा राहतो. लढाईत पाय गेलेला. पहिल्या भेटीत त्याचा घोडा त्याला पाडून, लाकडी पायासकट पळालेला असतो. घोडा शोधून आणायचा, हे पहिलं काम. मग दोघं मासे धरतात, लांडग्यांच्या मागावर जातात आणि शेवटी एका प्रचंड रानडुकराच्या शिकारीला निघतात. डुक्कर हेमिशला फाडतं. जाताना तो आपला घोडा, बुएल, आर्थरच्या स्वाधीन करतो. घोडा खोडकर आहे, ऐकत नाही. तरी खेळणारे नंतर त्याला जिवापाड जपतात. गेलेल्या माणसाने मागे ठेवलेलं जनावर सांभाळणं काय असतं, ते खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शार्लट शहरातून रानात राहायला आलेली. अस्वलाच्या हल्ल्यात नवरा गेला. शिकार येत नाही, घरात दाणा नाही, ती नवऱ्याच्या थडग्यापाशी बसून आहे. आर्थर तिला शिकार शिकवतो. पुढच्या भेटींमध्ये तिचा हात स्थिरावतो, आणि एके दिवशी आर्थरच तिच्या दारात खोकून कोसळतो. आता तिची पाळी. ती त्याला आत नेऊन झोपवते. मरणाऱ्या माणसाने एका बाईला जगायला शिकवलं, एवढीच ही गोष्ट.

कोठाराचं दार

आता पुन्हा जॅककडे. १९११. जॅक सोळा वर्षांचा आहे. त्याचा बाप जॉन मार्स्टन टोळी सोडून शेतकरी झाला आहे. पण एडगर रॉस त्याच्या बायकोमुलाला ताब्यात घेतो आणि अट घालतो: जुने साथीदार संपव, मग कुटुंब परत मिळेल.

या गेममधला पहिला लक्षात राहणारा क्षण लढाईचा नाहीच. जॉन नदी ओलांडून मेक्सिकोत शिरतो, घोड्यावर मांड टाकतो आणि अचानक होसे गोंझालेझ या गायकाचं ‘फार अवे’ हे गाणं सुरू होतं. तोपर्यंत गेममध्ये असं गाणं कुठे आलेलं नसतं. लोक घोड्याचा वेग मुद्दाम कमी करतात, गाणं संपू नये म्हणून.

कामगिरी पुरी करून जॉन घरी येतो. नंतरची मिशन अगदी साधी आहेत. गुरं हाकायची, धान्यावरचे कावळे हुसकायचे, मुलाला शिकारीला न्यायचं, त्याच्या तुटक बोलण्यातून वाट काढत त्याच्याशी नातं जोडायचं. काही खेळणाऱ्यांना वाटतं, आता हे कशाला? गोष्ट तर संपली.

आणि मग रॉस सैन्य घेऊन येतो. जॉन बायकोला आणि मुलाला घोड्यावर बसवून पाठवून देतो. कोठारात एकटा उरतो. दाराच्या फटीतून बाहेर बघतो, श्वास घेतो आणि दार उघडतो. समोर बंदुका रोखलेली रांग. गेम वेळ मंद करतो, म्हणजे नेहमीप्रमाणे नेम धरता यावा. आपण धरतो. एक, दोन, चार, पाच. पण समोर जास्त आहेत. कितीही सराईत खेळाडू असो, इथे जिंकता येत नाही.

कावळे हुसकायची ती कंटाळवाणी मिशन कशासाठी होती, ते आता कळतं. जे गमवायचं, ते आधी हातात द्यावं लागतं.

१९१४. आई गेली, तिचं थडगं वडिलांशेजारी. एकोणीस वर्षांचा जॅक निवृत्त रॉसला नदीकाठी गाठतो आणि मारतो. पडद्यावर गेमचं नाव झळकतं, पण आनंद कुणालाच होत नाही. ज्या मुलाला बंदुकीपासून दूर ठेवण्यासाठी आर्थर मेला, जॉन मेला, त्याच मुलाच्या हातात शेवटी बंदूक. तीही नदीकाठीच, जिथे कधीकाळी तो फुलं गोळा करत होता.

गोष्ट सांगणारे म्हातारे, बैलगाडीतली कुटुंबं

वेस्टर्न गेम म्हणजे फक्त हेच दोन नव्हेत. २०१३ च्या ‘कॉल ऑफ वारेझ: गनस्लिंगर’मध्ये सायलस ग्रीव्ज नावाचा म्हातारा गुत्त्यात बसून आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. ऐकणारे मध्येच म्हणतात, असं कसं होईल? तो गोष्ट बदलतो आणि समोरचा देखावाही बदलतो! आपल्या घरातले आजोबा आठवावेत, असाच प्रकार. शेवटी कळतं की त्याच्या भावांचा मारेकरी तिथेच उभा आहे. बदला घ्यायचा की सोडून द्यायचं, हे आपण ठरवायचं. सोडून देणं हाही एक शेवट असू शकतो, हे या गेमने फार साधेपणाने दाखवलं.

सर्वांत जुना आणि मुलांनाही खेळता येईल असा गेम म्हणजे ‘द ओरेगॉन ट्रेल’. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात तीन शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी तो तयार केला. तेव्हा पडदाही नव्हता, उत्तरं कागदावर छापून यायची. बैलांच्या गाडीतून कुटुंबाला हजारो मैल न्यायचं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये गाडीतल्या माणसांना मुलं आपल्या आईचं, भावाचं, मित्राचं नाव देत. मग एका ओळीची बातमी यायची: अमुक हगवणीने गेला. मुलं हसायची, आणि मग थडग्यावर काय लिहायचं ते विचारल्यावर गप्प व्हायची. ते थडगं त्याच डिस्कवर राहायचं. पुढे खेळणाऱ्या मुलाला वाटेत ते दिसायचं.

ज्यांची जमीन होती, त्यांचं काय?

जुने वेस्टर्न चित्रपट मूळ रहिवाशांना खलनायक करत. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ इथे वेगळी वाट धरतो. रेन्स फॉल हा एका आदिवासी जमातीचा म्होरक्या आहे. त्यांच्या जमिनीखाली तेल आहे, म्हणून त्यांना पुन्हा हुसकायचं ठरलंय. बाप शांततेने सांगू पाहतो, तरुण मुलगा ईगल फ्लाइज पेटून उठतो. ‘माय लास्ट बॉय’ या मिशनमध्ये तो आर्थरला वाचवताना गोळी खातो. आर्थर त्याला बापाकडे घेऊन येतो. मिशनचं नाव पुन्हा वाचा. या बापाचा हा शेवटचा मुलगा होता.

सरगूर परिसरात हे मिशन खेळणाऱ्याला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. १९७० च्या दशकात कबिनी धरण झालं, जंगल राखीव झालं आणि जेनु कुरुब, काडु कुरुब या समाजांतल्या कितीतरी कुटुंबांना आपल्या हाड्या, म्हणजे वस्त्या, सोडाव्या लागल्या. जेनु म्हणजे मध. पिढ्यान्‌पिढ्या रानातला मध काढणारी माणसं रानाबाहेर आली. धरणाच्या पाण्यावर आपली शेतं पिकतात, हेही खरंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि मुलांशी त्याबद्दल बोलायला गेममधला एक प्रसंग पुरतो.

दोन्ही बाजूंनी छापा

मग गेममध्ये रडू का येतं? जयच्या नाण्यात त्याचं उत्तर आहे. निर्णय घेताना जय नाणं उडवायचा. तो गेल्यावर वीरूला कळतं की त्या नाण्याला दोन्ही बाजूंना छापाच होता. निर्णय आधीच झालेला होता.

आर्थरचंही तसंच. आपण चांगलं वागलो की वाईट, यावर त्याचा शेवट थोडा बदलतो. चांगलं वागलो तर डोंगरावर उगवता सूर्य बघत तो जातो. पण जातो, हे नक्की. नाणं कसंही पडलं तरी छापाच. उरतं ते एवढंच, की मधल्या वेळात आपण काय केलं. पन्नास-साठ तास ज्या घोड्याला आपण चारा घातला, खरारा केला, तो शेवटच्या मिशनमध्ये गोळी लागून पडतो, तेव्हा घाई असूनही आर्थर खाली बसून त्याचे आभार मानतो. चित्रपटातला घोडा नायकाचा असतो. हा आपला असतो.

घरच्यांसाठी थोडंसं

‘रेड डेड’चे दोन्ही गेम प्रौढांसाठीचे आहेत. युरोपात त्यांना १८ वर्षांवरचं आणि अमेरिकेत १७ वर्षांवरचं मानांकन आहे. रक्तपात आहे, शिव्या आहेत. शाळकरी मुलांच्या हातात ते देऊ नका. लहानांसाठी ‘ओरेगॉन ट्रेल’ आहेच.

पण घरातला मोठा मुलगा किंवा मुलगी असा गेम संपवून शांत बसलेली दिसली, तर ‘नुसता गेम तर आहे’ असं म्हणू नका. ‘कोण गेलं?’ असं विचारा. ती सांगायला लागेल. खोकणाऱ्या माणसाबद्दल, ऐकत नसलेल्या घोड्याबद्दल, दार उघडणाऱ्या बापाबद्दल. तिचं सांगून झालं की तुम्ही तिला जयची गोष्ट सांगा. नाण्यासकट.